दिवसभर राबून महिनाअखेरीस उधारी

परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक बहुधा बारा तासांची ड्युटी करतो. राहायला दिवा नाहीतर नालासोपारा, कारण जिथे कामाला यायचं तिथलं भाडं त्याला झेपत नाही. महिन्याच्या वीस तारखेनंतर डब्यात भाजीच्या जागी लसणाची चटणी येते आणि वाण्याच्या वहीत आकडा वाढतो. हा माणूस ना बेकार, ना कामचुकार. तरी हातातोंडाची गाठ पडत नाही. किमान वेतन कसं ठरवावं, हे पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने 1957 सालीच सांगून ठेवलंय: तीन माणसांचं पोटभर अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, शिवाय इंधन-दिवाबत्तीसारख्या खर्चासाठी वेतनाचा पाचवा हिस्सा. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितले. आणि 2019 साली केंद्राने जाहीर केलेलं राष्ट्रीय तळवेतन किती? दिवसाला 178 रुपये! सरकारला जाब विचारायलाच हवा. पण या रक्षकाचा पगार आपल्या सोसायटीच्या सभेतही ठरतो. एजन्सीचं सर्वांत स्वस्त कोटेशन मंजूर करण्याआधी विचारा, त्यातले रक्षकाच्या हातात किती पडणार? जादा तासांचे पैसे, प्रॉव्हिडंट फंड, आठवड्याची सुट्टी यांचा हिशेब मागा. त्यापायी मेंटेनन्स वाढला, तर तो आनंदाने भरा.