वाहतुकीचा कर आणि क्विंटलचा हिशेब

सन २०२५ च्या मार्च महिन्यांत महाराष्ट्राचें अंदाजपत्रक विधिमंडळापुढें मांडलें गेलें. त्यांतील करविषयक भागांत एक सूचना अशी होती कीं, ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांवर वाहनाच्या किंमतीच्या शेंकडा ७ इतका कर एकरकमी व सक्तीनें घ्यावा. तोंपर्यंत हा कर वाहनाच्या वजनावरून आकारीत व तो वर्षाचे वर्षास भरावा कीं एकदम, याची मोकळीक मालकास असे. नव्या करानें तिजोरींत सुमारें ६२५ कोटी रुपयांची भर पडेल, असा अंदाज त्याच वेळीं सांगण्यांत आला आणि १ जुलैपासून कराचा अंमलहि सुरू झाला. हे ६२५ कोटी कोणाच्या गांठीचे, कोणत्या वाटेनें आणि कोणाकडून किती निघावयाचे, यासंबंधींचा आंकडा मात्र आमच्या पाहण्यांत आला नाहीं.

हलकें मालवाहू वाहन म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पहांटे शिवारांतून टोमॅटोचे क्रेट, कोथिंबिरीच्या जुड्या व कांद्याच्या गोणी उचलून बाजार समितीच्या दारांत उभी राहणारी पिकअप तीच ही. मोठा मालट्रक शहराशहरांमधून धांवतो. शेत आणि काटा यांमधलें अंतर कापते ती ही लहान गाडी. यास्तव या करानें शेतमालावर काय परिणाम होईल, याचा हिशेब मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

तिजोरीचा हिशेब सोपा असतो. गाड्या किती खपतील त्या संख्येस कराच्या रकमेनें गुणिलें कीं उत्पन्न हातीं येतें. शेतकऱ्याचा हिशेब क्विंटलनें करावा लागतो. गाडी १० लाखांची धरली तर कर ७०,००० रुपये झाला. जुन्या पद्धतीनें जो कर पडलाच असता तो यांतून वजा जावयास हवा हें खरें; पण तूर्त सोयीसाठीं पूर्ण रक्कमच घेऊं. गाडी १० वर्षें चालेल व एका फेरींत १५ क्विंटल माल जाईल असें समजूं. जो भाड्याचाच धंदा करतो, त्याच्या वर्षाच्या ३०० फेऱ्या धरल्या तर १० वर्षांत ३,००० फेऱ्या होतात. कर फेरीमागें सुमारें २३ रुपये, म्हणजे क्विंटलमागें दीड रुपयाच्या आसपास पडतो. उलट, ज्या कुटुंबानें कर्ज काढून स्वतःचा माल नेण्यापुरती गाडी घेतली व जिच्या वर्षाला ६० च फेऱ्या होतात, त्याच्यावर तोच कर फेरीमागें सुमारें ११७ रुपये आणि क्विंटलमागें पावणेआठ रुपये बसतो. कर्जावरील व्याज निराळेंच. कर एक, गाडी एक, आणि बोजांत पांचपटीची तफावत!

या तफावतीमुळें सरासरीचा आंकडा येथें फसवा ठरतो. सरासरी काढली तर कोणी म्हणेल, क्विंटलमागें दोनतीन रुपयांची ती गोष्ट काय? भाडोत्री गाडीवाल्यापुरतें तें बहुतेक खरेंहि असेल. परंतु भाडेवाल्याच्या मनधरणींतून सुटावें म्हणून ज्यानें स्वतःची गाडी केली, त्यास हा कर पुनः भाडेवाल्याच्या दारीं लोटतो.

आतां याच्या शेजारीं डिझेलवरील कर ठेवून पाहावा. डिझेल वस्तु व सेवा कराच्या कक्षेंत आणलेलें नसल्यामुळें त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर बसतो. मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथें हा कर शेंकडा २४ होता. तो १ जुलै २०२४ पासून शेंकडा २१ करून बाकीच्या राज्याच्या बरोबरीस आणला गेला. राज्याचा कर बसण्यापूर्वींचा दर लिटरास ७० रुपये समजला तर कर १४ रुपये ७० पैसे होतो. गांवापासून बाजार ३० किलोमीटर, जाऊन येऊन ६०, आणि गाडी लिटरास १२ किलोमीटर चालते असें धरल्यास फेरीस ५ लिटर डिझेल लागतें. त्यांतील राज्याचा कर साडेत्र्याहत्तर रुपये, म्हणजे क्विंटलमागें ४ रुपये ९० पैसे. हा कर चालेल तितकाच भरावा लागतो, गाडी उभी असतां कांहीं मागत नाहीं. हा त्याचा गुण. शेंकड्यानें आकारलेला असल्यामुळें तेलाचा दर चढला कीं विधिमंडळास न विचारतां तोहि आपोआप चढतो, हा दोष. ७० चे ८० झाले तर लिटरामागें २ रुपये १० पैसे राज्यास अधिक मिळतात आणि त्याकरितां कोणासहि नवी सूचना मांडावी लागत नाहीं.

या बाबतींत जुन्यांची रीत अधिक सरळ होती. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं सन १९२७ मध्यें नेमलेल्या रस्तेविषयक समितीनें मोटारीच्या तेलावर जादा कर घेऊन तो रस्त्यांकडे लावावा अशी शिफारस केली. त्याप्रमाणें सन १९२९ मध्यें गॅलनमागें दोन आणे कर बसून रस्त्यांचा स्वतंत्र निधि निघाला. दोन आणे म्हणजे दोन आणे. तेल महागलें म्हणून त्याचे तीन होत नसत.

परंतु कराची रक्कम मोजल्यानें हिशेब पुरा होत नाहीं. भरणारा एक आणि सोसणारा दुसराच, हा कराचा नेहमींचा खेळ आहे. उंसाचें उदाहरण घ्यावें. उंसाचा रास्त व किफायतशीर दर कारखान्याच्या दारांतला असतो, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यांतून वजा होऊन उरेल तें शेतकऱ्याच्या हातीं पडतें. अर्थात् ऊंस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलवर जो कर बसेल तो अखेर ऊंस पिकविणाराच देतो, मग पावती कोणाच्याहि नांवें असो. कांद्याची गोष्ट याहून फार वेगळी नाहीं, फक्त तेथें वजावट डोळ्यांस दिसत नाहीं. लासलगांवचा व्यापारी दिल्लीस किंवा कलकत्त्यास काय मिळेल तें पाहतो, त्यांतून भाडें, घट व आपला नफा काढतो आणि उरेल त्या आंकड्यावर बोली लावतो. माल वाशीस पाठविला तर पट्टीवर मोटारभाडें लिहिलेलें असतें, एवढाच फरक. कांदा चाळींत चार महिने थांबूं शकतो, कोथिंबीर चार प्रहरहि नाहीं. जो माल थांबूं शकत नाहीं त्याच्या धन्यास कर पुढें ढकलतां येत नाहीं. उलट युरियाची पिशवी पाहा. तिची किंमत सरकारनें बांधलेली आणि तिच्या भाड्याचा भार केंद्र सरकार अनुदानांतून उचलतें. तेव्हां तिच्या वाहतुकीवरील कर शेतकऱ्यास शिवत नाहीं. सबब 'शेतीवर परिणाम' असा एक शब्द वापरून भागावयाचें नाहीं. पीक सांगावें लागेल, बाजार सांगावा लागेल.

कर बसल्यावर लोक आपली चाल बदलतात, हेंहि अंदाज करणाऱ्यानें ध्यानीं घ्यावें. गुजरातेंत डिझेलवरील राज्याचा कर कमी. लांब पल्ल्याचा ट्रक तिकडून जात असेल तर टांकी सीमेपलीकडे भरतो. निफाड तालुक्यांतील पिकअपला ती सवड नाहीं. येणेंप्रमाणें मोठा निसटतो आणि लहान सांपडतो. तसेंच कर वाढला कीं भाडें त्याच आठवड्यांत वाढतें, पण उतरतांना त्यास घाई नसते. जुलै २०२२ मध्यें राज्यानें डिझेलवरील कर लिटरामागें ३ रुपयांनीं कमी केला. आमच्या वरील फेरीच्या मापानें भाडें क्विंटलमागें एक रुपयानें उतरावयास हवें होतें. आपापल्या जुन्या पट्ट्या काढून तें उतरलें कीं नाहीं, हें वाचकांनींच पाहावें.

या लिहिण्यावरून आम्ही कराच्याच विरुद्ध आहों असा ग्रह कोणीं करून घेऊं नये. रस्ता खराब असेल आणि गाडी लिटरास १२ ऐवजीं ९ किलोमीटर चालली, तर त्याच ६० किलोमीटरांस १ लिटर ६६७ मिलिलिटर डिझेल जास्त जळतें. वरील दरानें ही रक्कम सुमारें १४१ रुपये, म्हणजे क्विंटलमागें सव्वानऊ रुपयांहून अधिक होते. मार खाल्लेले टोमॅटो व मोडलेले पाटे यांत धरलेलेच नाहींत. भाडोत्री गाडीवरील दीड रुपयाचा कर खरोखर त्या रस्त्यावर खर्च होणार असेल तर तो आनंदानें द्यावा. मात्र वाहनकराचा पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरींत जातो. त्यांतला आमच्या तालुक्याच्या रस्त्याकडे किती येतो, हें सूचनेच्या शेजारीं लिहिलेलें असावें, एवढीच आमची मागणी आहे.

असा हिशेब करणें अशक्य आहे, असें म्हणण्यास जागा नाहीं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें सन १९३३ मध्यें पुण्याच्या फळबाजाराची व सन १९३५ मध्यें मुंबई इलाख्यांतील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. या दोन्ही कामीं धनंजयराव गाडगीळ होते. गणकयंत्रें नसतां जें झालें तें आज, वाहनांची नोंद व बाजार समित्यांची आवक संगणकावर असतां, न व्हावें याचें कारण आळसाखेरीज दुसरें दिसत नाहीं.

पुढील अंदाजपत्रक येण्यापूर्वीं आपल्या संघानें आपल्यापुरती नोंद तरी करावी. सभासदांनीं प्रत्येक फेरीची तारीख, गांव, बाजार, किलोमीटर, क्विंटल, दिलेलें भाडें व त्या दिवसाचा डिझेलचा दर एवढींच सात कलमें वहींत लिहून डिसेंबरअखेर कचेरींत पोंचवावीं. ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनीं वर्षाच्या एकूण फेऱ्याहि कळवाव्या. कारण आमच्या ६० आणि ३०० या फेऱ्या केवळ समजुतीच्या आहेत. त्यांच्या जागीं खऱ्या फेऱ्या आल्या म्हणजे वरील हिशेब पुनः मांडून याच पानावर छापूं.