मीठ-पाण्याची चाळण

मंडळी, मृग जवळ आला की बियाण्याचे डबे खाली उतरतात आणि ओसरीवर सूप वाजू लागते. संकरित वाणाचे बी दरसाल नवेच घ्यायचे असते. पण गावरान किंवा सुधारित बाजरीचे घरचे बी पेरणार असाल, तर यंदा सूप-चाळणीवर थांबू नका. आणखी एक चाळण लावा, मीठ-पाण्याची.

कशासाठी? अरगटासाठी. बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ, दमट हवा लागली की काही कणसांतून गुलाबी, मधासारखा चिकट द्रव पाझरतो. मागाहून तिथे दाण्याऐवजी काळपट, टणक गाठी धरतात. मळणीत त्या चांगल्या दाण्यांत मिसळतात. पेरल्या तर रोग पुन्हा शेतात, दळल्या तर विष पोटात. अशी बाजरी खाल्ल्याने मळमळ, उलट्या होतात, चक्कर येते, गुंगी चढते. १९७५ साली राजस्थानात खेड्यांतील माणसांना अशी बाधा झाली होती.

आता मिश्रण निवडायचे कसे ते पाहू. मिश्रणात प्रत्येक पदार्थ आपला गुण राखून असतो. दोघांत जो फरक असेल तो धरायचा, म्हणजे ते वेगळे होतात. आकारात फरक असेल तर चाळणी चालते. भुसा हलका, म्हणून उपणताना वाऱ्याने उडतो. पण अरगटाची गाठ कधी दाण्याएवढीच असते, आणि वाऱ्याने उडण्याइतकी हलकी नसते. साध्या पाण्यात टाकली तरी ती बहुधा दाण्याबरोबर तळाशी बसते.

तरीही ती दाण्याहून थोडी हलकी असतेच. तेवढाच फरक आपल्याला पुरतो. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवा. पाणी जड होते. मुलांना गंमत दाखवायची तर त्यात ताजे अंडे सोडा: साध्या पाण्यात बुडणारे अंडे इथे तरंगते. अंडे काढून घ्या आणि थोडे थोडे बी ओतून हाताने ढवळा. गाठी, पोचट व किडके दाणे वर येतील. ते लगेच काढून घ्या. तळाचे जड बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवा, नाहीतर मिठाने उगवण बिघडेल. मग सावलीत वाळवा. वर आलेला गाळ जाळा किंवा खोल पुरा. कोंबड्यांना, गुरांना घालू नका. उरलेले पाणी शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका, आणि गुरे त्याला तोंड लावणार नाहीत असे पाहा.

हे पाणी कितीही दाट फडक्यातून गाळले तरी खारटच राहील, कारण विरघळलेले मीठ फडक्यात अडकत नाही. उन्हात परातीत ठेवले तर पाणी उडून जाईल आणि मीठ मागे राहील. मिठागरात हेच होते. मात्र हे मीठ स्वयंपाकात वापरू नका.

माउलींनो, शेवटचे सांगणे तुम्हाला. खाण्याच्या बाजरीत काळ्या गाठी दिसल्या तर तीही अशीच मीठ-पाण्यात काढा, नीट धुवा, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि मगच दळणाला द्या. जात्यात किंवा गिरणीत गाठ एकदा भरडली गेली, की पीठ आणि विष यांतला डोळ्यांना दिसणारा, हाताला लागणारा फरक संपतो. मग कुठलीच चाळणी उपयोगाची नाही, आणि भाकरी भाजल्याने विष हमखास जाईल असेही नाही. निवडायचे ते दाणा दाणा आहे तोवरच.

तेव्हा पुढच्या दळणाआधी मूठभर बाजरी परातीत पसरा आणि उजेडात नीट पाहा.