गोलटी आणि पापलेट

लोणंदला राहून समुद्रावर मत द्यायचं म्हणजे आगाऊपणाच! पण मासे आपल्याकडेही येतात आणि आपण ते खातोही.

२०२३ साली आपल्या सरकारने पापलेटला ‘राज्य मासा’ केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवलं. त्याहून लहान मासा धरायचा नाही. आमच्या कांदा बाजारात बारक्या गोलटीलाही गिऱ्हाईक असतं, आणि त्यात गैर काही नाही. पुढच्या वर्षीचं बी कुणीतरी राखलेलं असतंच. समुद्रात बी कोण राखणार? एकदाही अंडी न घातलेलं पापलेट जाळ्यात आलं, की त्याची पुढची पिढीही गेली.

मूळ कायदा १९८१चा. २०२१च्या दुरुस्तीने दंड जबर केला. एलईडी दिवे लावून मासेमारी केली तर ५ ते २० लाख! निवाड्याचं काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे गेलं, तेही बरं झालं. (तहसीलदारांना बाकीची कामं काय थोडी असतात?)

माझी शंका वेगळीच आहे. टोपली बंदरावर उतरते तेव्हा मासा मेलेला असतो. दंडाने तो काही जिवंत होत नाही. तेव्हा तपासायची ती जाळ्याची आस, आणि तीही होडी निघण्याआधी. एप्रिल २०२५मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. मग लहान मच्छीमाराला मोठ्या आसाच्या जाळ्यासाठी आधी स्वस्त कर्ज द्या, दंडाची पावती नंतर फाडा.

कोकणातल्या मंडळींनी जरूर कळवावं, तुमच्या बंदरावर जाळी तपासायला कुणी येतं का?