या घरात कोण राहते?

पणजीच्या फोंताइन्हास भागात काही जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरांतून पाहुण्यांना खोली आणि सकाळची न्याहारी मिळते. लॉजपेक्षा ही सोय मला अधिक पसंत आहे. मात्र घरमालक त्याच घरात राहत असला पाहिजे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या 'बेड अँड ब्रेकफास्ट' योजनेत हीच अट आहे. खोल्याही जास्तीत जास्त ६.

अट रास्तच आहे. घरात माणसे असली की पाहुणा रात्री आपसूक आवाज आवरतो, शेजाऱ्याच्या पायरीवर फोटोसाठी ठाण मांडत नाही. मालकच घर सोडून गेला, तर उरते ते रंगवलेल्या भिंतींचे लॉज. आणि हळूहळू सारी गल्लीच बिनशेजाऱ्यांची होते. म्हणून मित्रहो, बेळगावहून सहलीला जाल तेव्हा भाड्याच्या आधी विचारा, ''या घरात कोण राहते?''