पगार वाढला, ईएसआय गेला

खोपोली-खालापूरच्या कारखान्यांतील किंवा कर्जतहून लोकलने कामाला जाणाऱ्या कामगाराला पगारवाढ कधीकधी महागात पडते. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. तो दरमहा 21 हजारांपर्यंतच्या वेतनालाच मिळतो. ही मर्यादा जानेवारी 2017 पासूनची आहे. सरकारी महागाई भत्ता मात्र वर्षातून दोनदा वाढतो!

21 हजारांवर कामगाराचे 157 रुपये 50 पैसे कापले जातात, मालक 682 रुपये 50 पैसे भरतो. त्यात कुटुंबाची तपासणी, औषधे आणि आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते. पगार 22 हजार झाला, की चालू सहामाही संपताच वर्गणी थांबते आणि तिच्याशी जोडलेला लाभकाळ संपला, की हे सारे बंद.

मग सल्ला मिळतो, खासगी विमा घ्या, कलम 80डीखाली 25 हजारांची वजावट आहे. पण वर्षाला 2 लाख 64 हजार कमावणाऱ्याला मुळात प्राप्तिकरच लागत नाही. वजावट कशातून घेणार? महात्मा फुले योजनेचे 5 लाख आहेत, पण ते रुग्णालयातील ठरावीक उपचारांसाठी. मधुमेहाची रोजची गोळी त्यात बसत नाही.

मर्यादा वाढवायला हवीच. तोवर निदान बाहेर पडणाऱ्याला दोन्ही वाटे स्वतः भरून विमा चालू ठेवू द्यावा. 22 हजारांवर ते महिन्याला 880 रुपये होतात.