मनीची जखम आणि माझा हिशेब



गेल्या चातुर्मासातली गोष्ट. आमची मनी दुपारभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून शेपटीच्या मुळाशी चाटत असायची. मांजर चाटणारच, तिचा निम्मा दिवस त्यातच जातो, म्हणून मी लक्ष दिले नाही. आठ दिवसांनी तिथले केस विरळ झाले. पंधरा दिवसांनी रुपयाएवढा लाल, ओला चट्टा दिसला आणि मग मी जागी झाले.

जागी झाले म्हणजे काय केले, तर आपण सगळ्या जणी करतो तेच. हळद आणि खोबरेल लावले, तिने पाच मिनिटांत चाटून साफ केले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मुकं जनावर आहे, चाटूनच बरं करतं ते." तिसऱ्या दिवशी मी जखम धुवायला ते पाण्यात घातल्यावर दुधासारखे होणारे जंतुनाशक कापसावर घेतले. मनी अशी किंचाळली की आमचे हे पेपर टाकून धावत आले. ती दोन दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितले की या प्रकारची जंतुनाशके मांजराला विषारी असतात, वरून लावलेले तिच्या जिभेवाटे पोटात जाते. निलगिरीचे तेल, कापूर घातलेली मलमे हीही नकोत. चाटून बरे होण्याचे म्हणाल, तर मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. केस विंचरायला ते चांगले, पण जखमेवर ते किसणीसारखे चालतात.

डॉक्टरांनी मनीच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवली, अगदी आपली उवांची असते तशी. फणीतले काळे कण त्यांनी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले. कणांभोवती तांबूस डाग पसरला. "ही पिसवांची विष्ठा. म्हणजे हिचंच रक्त," ते म्हणाले. अंगावर पिसू मात्र एकही दिसली नव्हती, कारण मनीने चाटून चाटून त्या गिळल्या होत्या. पिसवेच्या लाळेचीच तिला ॲलर्जी होती. अशा मांजराला चार-दोन चावेही पुरतात. त्यांनी मानेवर घालायच्या थेंबांची एक छोटी नळी दिली आणि मी घरी आले.

आता कबुली देते. ती नळी मी सात दिवस कपाटात ठेवली.

चातुर्मास होता. पालेभाजी मी बंद केलेली, पाणी गाळून घेते, चालताना खाली बघते. आणि मीच माझ्या हाताने शेकडो जीवांवर औषध सोडायचे? मनाला पटेना. जाऊबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "ज्याचं त्याचं कर्म ताई, तिचे भोग ती भोगते आहे. तुम्ही मध्ये पडून पाप का घेता?" त्या वेळी मला ते बरे वाटले, हेही खरे सांगते. काही न करायला धर्माचा आधार मिळाला की माणसाला बरेच वाटते. आठव्या दिवशी चट्ट्यात पू झाला, मनीला ताप आला, खाणे सुटले. मग थेंबही आले, प्रतिजैविकाची गोळीही आली आणि दुप्पट खर्चही.

त्या सात दिवसांचा मी नंतर खूप विचार केला. बी. कॉम. झाले तेव्हापासून एक सवय आहे, नोंद दोन्ही बाजूंनी करायची. पिसवा मेल्या ही हिंसा झाली, ती मी शून्य धरत नाही. पण मनी सात दिवस तळमळली ती कोणाच्या नावावर लिहायची? कर्म तिचे असेल, पण औषध माझ्या कपाटात होते. जाऊबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा "भोग आहेत, भोगू दे" असे कोणी म्हटले नव्हते. आम्ही सगळे डबे घेऊन दवाखान्यात होतो.

आणि मुलींच्या डोक्यात शाळेतून उवा आल्या तेव्हा आपण काय केले होते? फणी, औषध, उन्हात बसवून तासन्‌तास वेचणे. तेव्हा कोणी चर्चा केली नाही. मुलगी आपली म्हणून औषध, मांजर परके म्हणून तत्त्वज्ञान, असे काहीसे होते हे.

शास्त्रात गृहस्थाला सोडायला सांगितली आहे ती संकल्पी हिंसा, ठरवून मारण्याची. आरंभी हिंसा घर चालवताना होते, तीही कमीत कमी व्हावी म्हणून जपायचे. मनीचे औषध कोणत्या खात्यात बसते हे माताजींसारख्या जाणत्यांनी सांगावे, माझा तेवढा अधिकार नाही. माझे मत एवढेच आहे की ही हिंसा माझ्या आळसाने वाढली. पावसाळी दमट हवेत पिसवा भराभर वाढतात, आणि त्यांची अंडी-अळ्या मांजरावर कमी, आपल्या सतरंजीत, गादीच्या शिवणीत, फटींत जास्त असतात. जूनपासूनच मी फणी फिरवली असती, तिचे अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकले असते, कानेकोपरे रोज झाडले असते, तर मुळात एवढे जीव जन्मलेच नसते. अंडी उबू न देणारी औषधेही असतात, तीही मी आधी विचारू शकले असते. फणीत आलेल्या पिसवा मी पहिल्यांदा कुंपणापलीकडे झटकल्या तेव्हा डॉक्टर हसले, "काकू, संध्याकाळी परत येतील त्या."

कॉलरची वेगळीच मजा झाली. जखम भरेपर्यंत गळ्यात कर्ण्यासारखी प्लास्टिकची कॉलर घातली, तर सासूबाईंचे डोळे भरले. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच 'बंध' ना! मुक्या जिवाला असे जखडायचे? मी म्हटले, "आई, तुमच्या हाताला प्लास्टर होतं तेव्हा तुम्हाला बांधूनच ठेवलं होतं की." त्या दिवसभर बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मनीला वाटीत तोंड घालता येईना हे त्यांनीच पाहिले आणि पसरट ताटली काढून दिली. बारा दिवस कॉलर होती. जखम मी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसायची, अर्ध्या लिटरला एक चमचा मीठ, बाकी काही नाही.

एवढे मात्र प्रत्येकीने लक्षात ठेवा. आपली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. कुत्र्यासाठीचे पिसवांचे थेंब मांजराला कधीही घालू नका, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असते, त्याने मांजराला झटके येतात. भांडणात दुसऱ्या मांजराचा दात लागला तर वरून टाचणीएवढे भोक दिसते आणि आत गळू होते, तेव्हा लहान जखम म्हणून सोडू नका.

आणि प्रत्येक चाटणे पिसवांचे नसते. माझ्या भाचीच्या बोक्याने पोट चाटून चाटून टक्कल पाडले होते. घर बदलले, त्याचा ताण असेल म्हणून सगळे थांबले. निघाले लघवीच्या पिशवीचे दुखणे. जिथे दुखते तिथे तो चाटत होता बिचारा. बोका सारखा लघवीला बसतोय आणि थेंबही होत नाही असे दिसले तर रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा, तिथे तासांचा प्रश्न असतो.

मनीच्या खाण्याबद्दल विचारणाऱ्या असतीलच. तिला आम्ही आणली नाही, ती पावसात आली आणि राहिली. मांजराचे शरीर मांसाहाराशिवाय चालत नाही, हे मला मान्य करायला वर्ष लागले. तिचे पाकीट आमचे हे अंगणात उघडतात. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन, तो हिशेब अजून जुळलेला नाही.

चट्ट्याच्या जागी आता नवे केस आले आहेत, जरा फिकट. दर रविवारी सासूबाई ओला कागद धरतात, मी फणी फिरवते, आणि चष्मा लावून आम्ही दोघी ठिपके शोधतो. थेंब महिन्यातून एकदा चालूच आहेत. या वेळी तारीख नेमकी अष्टमीला येते आहे. मी ते सप्तमीलाच घालणार आहे. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.