फुरसतीचा उद्योग : जुनी नौका

पागोळ्यांच्या पाण्यांत मुलांनीं कागदी होड्या सोडाव्या व वडिलांनीं ओसरीवरून पाहावें, हा आपला परिपाठ. इंग्लंड-अमेरिकेंत मात्र पिकल्या केसांची माणसें मंडळें स्थापून शिडाच्या छोट्या नौका बांधतात आणि तळ्यांत त्यांच्या शर्यती लावतात! १९३० च्या सुमारास अमेरिकेंतील मार्बलहेड गांवीं त्यांचा एक प्रकार ठरला: लांबी ५० इंच, शिडें ८०० चौरस इंच, बाकी बरेंचसें कारागिराच्या अकलेवर. बिनतारी यंत्र तेव्हां नव्हतें. ब्रेन नामक गृहस्थानें काढलेल्या युक्तीनें शिडाची दोरी सुकाणूस जोडलेली असे. वाऱ्यानें शीड जोरानें ओढलें, कीं सुकाणू आपोआप वळे व नौका मार्ग सोडीत नसे. मालकानें काठाकाठानें धांवावें, एवढेंच!

अशी एखादी नौका आज माळ्यावरून निघते, तेव्हां सांधे उकललेले व पितळ हिरवें पडलेलें असतें. सांधे अवश्य बुजवावे. परंतु नव्या शर्यतींत उतरविण्याच्या हौसेनें कित्येक सभासद डेक कापून आंत बिनतारी यंत्र बसवितात, आणि ब्रेनची ती योजना अडगळ म्हणून काढून टाकतात. हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. आजोबांच्या पोथीच्या समासांतील टिपणें कोणी खरवडतो काय? शर्यतच हवी, तर दुसरी नौका बांधावी. सुती शीड जीर्ण झालें तरी टाकूं नये. त्यावरून नवें बेतावें, आणि जुनें घडी न घालतां गुंडाळून ठेवावें. मूळच्या मालकाचा शर्यतीचा आंकडा पुष्कळदां त्यावरच असतो.